बाहुलीचे दात काढू नकोस

पत्र बेळगावच्या वडगावहून आलंय, सोबत बाहुल्यांचे फोटो. नाव छापू नका म्हटलंय, म्हणून मजकूर थोडा आवरून देते.

‘काकू, मला अगं-तुगंच करा. वय ३४. सासऱ्यांचे चार यंत्रमाग होते. दोन भंगारात गेले, दोन कसेबसे चालतात. मागाखाली पडणारे काठाचे तुकडे, तुटका ताणा (उभे धागे), झिजलेले धोटे (आडवा धागा नेणारे लाकडी ठोकळे), रिकाम्या कांड्या (सुताच्या नळ्या) यांच्या मी बाहुल्या करते. दिसायला गोड नाहीत. कुणाला तीन डोळे, कुणाला एकच पाय, बहुतेकींना दात. दोन वर्षांत ४० केल्या, ११ विकल्या, २५० रुपयांना एक. एकीला सहा तास लागतात, सामान ६० रुपयांचं. एक दुकानदार ठेवून घेतात, ३० टक्के कापतात आणि सांगतात, दात काढा, राधाकृष्ण करा, टेडी करा, मग बघा. सासूबाई म्हणतात, “काय भुताटकी करूलालीस गं घरात!” इन्स्टाग्रामवर ९०० लोक आहेत, ऑर्डरी आल्या तीन. आता पुण्याच्या एकांनी दिवाळीत वाटायला २५ मागितल्यात, पण “जरा गोड चेहऱ्याच्या”. मिस्टर म्हणतात, दोन लाखांचं कर्ज काढू, एम्ब्रॉयडरी मशीन घेऊ. मी काय करू? टेडी करू का? किंमत किती लावू? आणि बाहुलीला जोडायची चिठ्ठी मराठीत लिहू, कन्नडमध्ये की इंग्रजीत?’

अगं, टेडी करू नकोस. हे आधी सांगून टाकते, कारण बाकी सगळं हिशेबाचं आहे आणि हिशेब कुणालाही शिकता येतो.

टेडी कारखान्यात होतो. तू नुसतं फरचं कापड आणायला गेलीस तर त्याच पैशात खडेबाजारात आख्खा तयार टेडी मिळेल. त्याच्याशी तुझी हातशिलाई कशी पुरी पडणार? तुझी तीन डोळ्यांची बाई मात्र खडेबाजारात नाही, पुण्यात नाही, कुठंच नाही. दुकानदार सांगतात म्हणून तिचे दात काढलेस, तर तुझ्याकडं जे एकमेव भांडवल आहे तेच गेलं.

दुकानदारांना दोष देत नाही मी. आपल्या गावाची नजरच तशी घडलीय. के. बी. कुलकर्णी सरांनी बेळगावात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या, रवी परांजप्यांसारखा चित्रकार त्यांच्या हाताखालून गेला. त्यामुळं आपल्याकडं चांगलं चित्र म्हणजे माणूस हुबेहूब उतरलेलं चित्र. गणपतीच्या मूर्तीसमोर उभं राहूनसुद्धा आपण डोळ्यांची आखणी कशी झालीय ते आधी बघतो. ही नजर वाईट नाही, मला तिचा अभिमानच आहे. पण त्या नजरेला तुझी बाहुली ‘चुकलेली’ वाटणार, हे धरून चाल. प्रदर्शनात दहापैकी नऊ जण पुढं जातील. तुला दहावी व्यक्ती पाहिजे, आणि ती थांबली की तिला ‘जरा वेगळंच आहे, आवडलं नाही तरी चालेल’ असं म्हणायचं नाही. तू असं म्हणत असणार. पत्रातही ‘दिसायला गोड नाहीत’ हे तू किंमत सांगायच्या आधी लिहिलंस.

आणि सासूबाईंना एक गोष्ट विचार. घराचा स्लॅब टाकला तेव्हा गच्चीवर काय टांगलं होतं? मोठ्या डोळ्यांचा, जीभ बाहेर काढलेला राक्षस ना? आपल्या भागात अर्धवट बांधलेल्या घराला तो नाही असं होत नाही. कन्नड शेजारी त्याला दृष्टी गोंबे म्हणतात, आपण दृष्टीचा मुखवटा म्हणतो. ट्रकच्या पुढं तो, वांग्याच्या वाफ्यात बुजगावणं म्हणून त्याचाच भाऊ. भीतीदायक तोंड घरादाराची राखण करतं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तुझी बाहुली त्याच खानदानातली. तिला ‘शोपीस’ म्हणून मांडलीस तर ती राधाकृष्णाशेजारी कुरूप दिसते. ‘उंबऱ्यावरची राखणदारीण’ म्हणून दाराच्या चौकटीला टांगून दाखवलीस तर तिचे दात कामाचे ठरतात. फक्त ‘ही लावल्यावर घरात बरकत येते’ असलं काही लिहू नकोस. ते फसवणुकीचं होतं आणि पुढं अंगाशी येतं.

‘खेळणी’ हा शब्दही टाळ. यामागं कायदा आहे. १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झालाय. त्यातून हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदणी झालेल्या कारागिरांना, त्यांनी स्वतः करून विकलेल्या मालापुरती, सूट आहे. ती नोंदणी म्हणजे ‘पहचान’ कार्ड. ते काढायला लाग, प्रदर्शनांनाही उपयोगी पडतं. पण कार्ड मिळालं तरी तुझ्या बाहुलीला मणी आहेत, टाचण्या आहेत, लाकडाचा धोटा आहे. दोन वर्षांच्या पोरानं तोंडात घालायची ती वस्तू नव्हे. चिठ्ठीवर स्पष्ट लिही: ‘मोठ्यांसाठी, घरात लावायची वस्तू. लहान मुलांना खेळायला देऊ नये.’ ‘मुलं भितील’ असं कुणी म्हटलं तर त्यालाही उत्तर मिळालं.

आता किंमत. पत्र वाचताना मला खरा राग इथं आला.

२५० मधून दुकानाचे ३० टक्के म्हणजे ७५ गेले. राहिले १७५. सामानाचे ६० वजा केले की ११५. त्याला सहा तासांनी भाग. तासाला १९ रुपये. अगं, शेजारच्या बाईच्या ब्लाउजला नुसती हातशिलाई घालून दिलीस तरी जास्त मिळतील.

नीट मांडू. तासाला ७० रुपये धर, त्याखाली येऊ नकोस. सहा तासांचे ४२०. सामान ६०. खोका, दोरा, वीज, रिक्षा मिळून ३०. झाले ५१०. ही तुझी घरातली किंमत. दुकानात ठेवायची तर बहुतेक जण ५१० वर ३० टक्के चढवतात आणि ६६३ लिहितात. इथं गडबड होते. दुकानदार ३० टक्के कापतो ते ६६३ चे, म्हणजे हातात येतात ४६४, पदरचे ४६ गेले. ५१० ला ०.७ नं भागायचं. ७२९ येतात, ७३० लिही. आणि घरून, इन्स्टाग्रामवरून, प्रदर्शनात, सगळीकडं ७३० च. घरी ५१० ला देऊन दुकानात ७३० ठेवलीस तर गिऱ्हाईक दुकानात बघून तुझ्या दारात येईल आणि दुकानदार तुझं तोंड बघणार नाही. स्वतः विकलीस तर वरचे २२० तुझेच आहेत. स्टॉलवर दिवसभर उभं राहण्याची ती मजुरी समज.

‘७३० ला कोण घेणार?’ हा प्रश्न मला इथूनही ऐकू येतोय. २५० ला तरी कुठं घेतल्या? दोन वर्षांत ११. म्हणजे किंमत अडवत नव्हती. शिवाय ७३० देणारं माणूस बाहुली जपून ठेवतं, आल्यागेल्याला दाखवतं. २५० ची वस्तू गाडीच्या डिकीत पडून राहते.

मात्र दहा माणसांना हात लावता येईल असं काहीतरी लहान पाहिजे. रिकाम्या कांडीला दोन डोळे आणि एक दात लावून किल्लीला अडकवायचं भूत कर. ४० मिनिटांत व्हायला पाहिजे. वरच्याच पद्धतीनं हिशेब घातलास तर १२० रुपयांच्या आसपास बसतं. वसतिगृहातली पोरं हे घेतात. आपल्याकडं व्हीटीयू हे तंत्रविद्यापीठ आहे, मेडिकल आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, बाहेरगावची पोरं ढिगानं आहेत आणि त्यांना गावाकडं नेण्यासारखं कुंद्याशिवाय काही सापडत नाही. कुंदा संपतो. कांडीचं भूत किल्लीला राहतं.

दुकानात माल ठेवण्याबद्दल माझीच गोष्ट सांगते. मी पूर्वी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायचे. परगावच्या एका दुकानात ६० मुखवटे ठेवले, तोंडी व्यवहार, विश्वासावर. आठ महिने आज-उद्या झालं. शेवटी गेले तर माळ्यावरून २२ परत आले, त्यांतल्या निम्म्यांची नाकं उंदरांनी खाल्लेली. बाकीच्यांचे पैसे आजतागायत यायचेत. चूक त्यांची होती तशी माझीही होती. मी पिठाच्या खळीत मोरचूद घातलं नव्हतं (बुकबाइंडर घालतात, मला तेव्हा ठाऊक नव्हतं) आणि कागदावर काही लिहून घेतलं नव्हतं. मोरचूद विषारी असतं, तेव्हा तू ते शिकायला जाऊ नकोस, तुला लागतही नाही. कागदाचं मात्र शीक. एका दुकानात एका वेळी सहाच नग. वहीच्या पानावर नग, किंमत, टक्के, महिन्याच्या कुठल्या तारखेला हिशेब आणि खराब झाला तर कुणाचा, हे लिहून दोघांच्या सह्या. सही करायला जो कुरकुरतो त्याच्याकडं सहासुद्धा ठेवू नयेत.

आणि दुकान निवडताना भेटवस्तूंचं निवडू नकोस, तिथं राधाकृष्णच विकतात. कॅम्पातली, टिळकवाडीतली कॉफीची दुकानं बघ, त्यांना भिंतीवर काहीतरी वेगळं हवं असतं. चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या रस्त्यावर राहायची घरगुती ठिकाणं निघालीत, तिथं गोव्याला जाणारा माणूस निवांत बसलेला असतो. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, तो एकदा नुसता बघून ये. स्टॉल मागायला नको, डोळे उघडायला जा. वेड्यावाकड्या वस्तूंपुढं माणसं किती वेळ थांबतात ते दिसेल. बेंगळुरूची चित्रसंते जानेवारीत असते, कुमारकृपा रस्त्यावर, चित्रकला परिषदेची. तीही बघण्यासारखी, पण एक दिवसाची आणि मुख्यतः चित्रांची, तुझ्यासाठी दुसऱ्या नंबरावर.

जवळचं बघायचं तर सावंतवाडीला जा. चितार आळीत लाकडी फळं बघशील. आपल्या गोकाकलाही तशीच रंगवलेली फळं-भाज्या होतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा बघ. गोल पत्ते, हातानं रंगवलेले. ते खेळणारं कुणी उरलं नव्हतं आणि करणारे तर बोटावर मोजण्याइतके, तेव्हा १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी ती कला पुन्हा हाती धरली. आज पत्ते खेळायला म्हणून कोण घेतं? चित्र म्हणून घेतात, संग्रहाला घेतात. खेळणाऱ्यांच्या मागं लागले असते तर कधीच संपलं असतं. तुझ्या दुकानदारांना मुलांसाठी बाहुली पाहिजे. तुझं गिऱ्हाईक मूल नाहीच.

पुण्याच्या ऑर्डरीचं. २५ गुणिले सहा, १५० तास. घरचं आवरून रोज तीन तास मिळतात असं धरलं तरी ५० दिवस, एकही दिवस न चुकता, आणि मधे गणपती आहेत. गोड चेहऱ्याच्या २५ करशील तर दिवाळीनंतर तुला सुई बघवणार नाही. त्यांना आज रात्रीच लिही: ‘मी दहा करून देऊ शकते. चेहरे माझ्या पद्धतीचेच असतील, फोटो सोबत जोडलेत, त्यांतले निवडा. एक ७३० रुपये, पाठवणी वेगळी. निम्मे पैसे आधी, निम्मे पार्सल निघण्यापूर्वी.’ एवढंच. सोबत ‘प्लीज’, ‘जमलं तर’, ‘तुम्हाला पटलं तर’ असं काही नको. नाही म्हणाले तर म्हणू देत. वाटायला स्वस्त आणि गोड पाहिजे असणाऱ्यांना बाजारात खूप काही आहे.

पार्सल पुण्याला जाणार म्हणजे सीमा ओलांडणार, आणि आपल्या लोकांना हे लक्षातच येत नाही. आपल्याला कोल्हापूर म्हणजे माहेर, शिनोळी म्हणजे वेंगुर्ला रोडनं हाकेच्या अंतरावर. जीएसटीला मात्र शिनोळीसुद्धा परराज्य. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकलास तर वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, तिथं तुझा प्रश्नच येत नाही. परराज्यात मात्र नियमानं पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. त्यात हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे: एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीशिवाय पाठवता येतं, पण पॅन पाहिजे आणि मालाबरोबर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) काढायला पाहिजे, माल हजाराचा असला तरी. त्या वस्तूंची यादी आहे. तुझी बाहुली त्यात कुठल्या नावानं बसते ते एखाद्या सीएला एकदा विचारून घे आणि बिलावर नेहमी तेच नाव घाल. आज बाहुली, उद्या वॉल हँगिंग, परवा गिफ्ट असं नको. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) मात्र आजच कर, पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी एजंटला हजार रुपये देणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत.

कर्जाबद्दल मिस्टरांना माझा नमस्कार सांग आणि नाही म्हण. एम्ब्रॉयडरी मशीन ज्याच्या घरात येतं त्याला सगळ्यांसारखंच काम करावं लागतं, कारण हप्ता सगळ्यांसारखाच भरावा लागतो. आणि तुझी अडचण वेगाची नाही, घरात २९ बाहुल्या पडून आहेत. त्या ७३० नं विकल्यास तर २१ हजारांच्या वर जातात. आधी त्या विक. पुढंमागं पैसे लागलेच तर पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. प्रशिक्षण, १५ हजारांपर्यंतची अवजारं, मग पाच टक्क्यांनी पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. तुझं काम ‘पारंपरिक’ धरतील का, हे पडताळणी करणाऱ्यांवर आहे. वाकळ शिवायला सासूबाईंकडून शिकलीस ना? टाका तोच वाटतोय फोटोत. ते सांग, कारण ते खरं आहे. घरातल्या एकालाच मिळतं, तेव्हा मिस्टरांनी आधी कशात नाव घातलंय का तेही बघ.

चिठ्ठीची भाषा. तिन्ही लिही आणि वाद संपव. बाहुलीचं नाव मराठीत ठेव, कारण तू मराठीत ठेवतेस. खाली कन्नड, कारण वडगावच्या मागावर मराठी-कन्नड शेजारीशेजारीच बसलेत आणि हा काठ बहुधा दोघांनी मिळूनच विणलाय. मग दोन ओळी इंग्रजीत, गोव्याच्या रस्त्यावरच्या माणसासाठी. कन्नड शेजारणीकडून तपासून घे, फोनवरून भाषांतर उचलून लावू नकोस, हसतात. पुढं दुकानाची पाटी लावलीस तर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, तो पाळायचा. खोक्यात बंद करून विकणार असलीस तर खोक्यावर वस्तूचं नाव, तुझं नाव-पत्ता, किती नग, महिना-वर्ष आणि एमआरपी लागते.

चिठ्ठीवर लिहायचं काय, ते मात्र जपून. ‘हा धोटा सासऱ्यांच्या तिसऱ्या मागावरचा. तो माग भंगारात गेला. डोक्याचं कापड शहापुरी साडीच्या काठाचं.’ एवढं पुरे. शाप, गूढ, आजीचं स्वप्न असलं काही जोडू नकोस. खऱ्या मागाची खरी गोष्ट तुझ्या घरात आहे, आणि सासऱ्यांना विचारलंस तर धोटा कुठून आणला होता, किती वर्षं चालला, हे सांगताना ते तासभर थांबणार नाहीत. वही घेऊन बस.

फोटो खिडकीजवळ, सकाळी, मागं साधी भिंत. फुलाफुलांची चादर काढ. एका फोटोत बाहुली हातात धर, म्हणजे आकार कळतो. ९०० मधले सहाशे तुझे नातेवाईक असणार, ते लाइक करतात, घेत नाहीत. किंमत प्रत्येक फोटोखाली लिही. ‘डीएम करा’ म्हटलं की निम्मे लोक लाजून निघून जातात, मी स्वतः जाते.

पावसाळ्याचं लक्षात ठेव. मागाच्या ताण्याला खळ असते, ती न धुता ताणा बाहुलीत भरलास तर झुरळं येतात आणि श्रावणापर्यंत बाहुलीला वास सुटतो. गरम पाण्यात दोनदा धू, कडक उन्हात वाळव आणि भरणाचं काम जूनच्या आधी उरकून घे. लाल काठ पांढऱ्या फडक्यावर ओला दाबून बघ. रंग गेला तर तो चेहऱ्याला वापरायचा नाही.

सासूबाईंचं मी काही सांगणार नाही. पण पहिली ७३० ला गेली की नोट त्यांच्या हातात दे आणि गप्प राहा.

ता. क. फोटोतल्या उभ्या बाहुलीत धोट्याची लोखंडी टोकं तशीच आहेत. ती अणकुचीदार असतात, मागावरून उडालेल्या धोट्यानं डोळे गेलेली माणसं वडगावात तुला माहीत असतील. उद्यमबागेत कुणाही ग्राइंडरवाल्याकडं दहा-दहा धोटे एकदम नेऊन टोकं घासून घे, नाहीतर वर लाकडाची टोपी बसव. आधी विकलेल्या ११ मध्ये अशा किती होत्या ते आठव आणि ज्यांचे नंबर असतील त्यांना फोन कर.